दोष नसलेली भिंत

"काही दोष?"

काका भेटले की पहिला प्रश्न हा. कशी आहेस, काम कसं चाललंय, आई-बाबा बरे आहेत ना, यातलं काही नाही. हातातली काठी फूटपाथवर टेकवायची, मान किंचित वाकडी करायची आणि विचारायचं, "काही दोष?" आपण "नाही काका" म्हटलं की "मग पुढे" म्हणून चालू लागायचं. बेलफास्टमधल्या आम्हा मराठी मंडळींना याची इतकी सवय झाली होती, की गणपतीत कुणी प्रसादाचा शिरा कसा झालाय असं विचारलं आणि काकांनी "दोष नाही" म्हटलं, तर शिरा करणारी बाई दिवसभर खुशीत असायची.

तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल. त्याच्या तोंडून कौतुकाचा शब्द निघाला तर घरचे आधी ताप आलाय का ते बघतील. पण काकांच्या बाबतीत हा निव्वळ स्वभाव नव्हता, पोटापाण्याचा धंदा होता. ते मूळचे कऱ्हाडचे, सिव्हिल इंजिनिअर. तरुणपणी इथे आले आणि निवृत्त होईपर्यंत या शहराची गटारं आणि जमिनीखालचे बोगदे तपासत राहिले. बरोबरचे मराठी डॉक्टर हॉस्पिटलात माणसांची पोटं तपासायचे, काका शहराचं. पार्टीत कुणी विचारलं तर ते तसंच सांगायचे, आणि समोरच्याच्या हातातली कचोरी खाली ठेवली जायची.

माझी त्यांची ओळख रस्त्यात झाली. आमचं ऑफिस हाय स्ट्रीटजवळच्या एका जुन्या इमारतीत, पाचव्या मजल्यावर. नुकतीच पुण्याहून आले होते. लंचमध्ये खाली उतरून आईशी फोनवर बोलत होते. शेजारी एक म्हातारे गृहस्थ काठीचं टोक गटाराच्या लोखंडी झाकणावर ठेवून, काठीच्या मुठीला कान लावून उभे होते. डोळे मिटलेले. मला वाटलं, यांना चक्कर येतेय. मी आईला म्हटलं, "थांब गं, इथे एक आजोबा पडतील बहुतेक."

"आजोबा पडत नाहीयेत," ते डोळे न उघडता मराठीत म्हणाले. "आईला सांग, भरती सुरू झालीय."

फोन कसाबसा आवरला. त्यांनी काठी माझ्यापुढे केली. "ऐक." रस्त्यावर बस, सायकली, शाळेची पोरं. मी संकोचत मुठीला कान लावला. आधी काहीच नाही. मग कुठूनतरी खोलवरून एक दबका, संथ, गिळल्यासारखा आवाज आला. थांबला. पुन्हा आला.

"नदी," काका म्हणाले. "फार्सेट. या गावाचं नाव हिच्यावरून पडलंय आणि गावानंच तिला झाकून टाकलंय. तू उभी आहेस ना, तिथे पूर्वी जहाजं लागायची. रस्त्याच्या मधोमध पाणी आणि दोन्ही बाजूंना धक्के. तंबाखू, साखर, लिननचे तागे. मग नदीवर विटांची कमान घातली आणि वर रस्ता केला. नदी बिचारी अजून चाललीय. समुद्राला भरती आली की तिला अजून कळतं."

मी त्या रस्त्यावरून महिनाभर रोज जात होते. पलीकडे तो एका बाजूला कललेला क्लॉक टॉवर होता, त्याचे फोटो काढून घरी पाठवले होते. तो का कललाय ते कुणी सांगितलं नव्हतं. काकांनी सांगितलं, खाली नदीचा गाळ आहे, स्लीच म्हणतात त्याला, लोण्यासारखा मऊ. हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर टॉवरबद्दल सहानुभूती नव्हती. टॉवरमध्ये दोष होता.

"तू काय करतेस?" त्यांनी विचारलं.

"टेस्टर आहे काका. सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधते."

"म्हणजे दोष लिहितेस." त्यांचा चेहरा एकदम उजळला. "आणि जे चांगलं असेल ते?"

"ते कुठे लिहिणार? आमच्याकडे चुकीच्या नोंदीचं तिकीट निघतं, चांगल्याचं नाही."

"बरोबर. फॉर्मला रकानाच नसतो." आणि त्या दिवसापासून मी त्यांच्या धंद्यातली झाले.

मग दर शनिवारी फिरणं सुरू झालं. त्यांनी दाखवलेलं बेलफास्ट कुठल्याही नकाशात सापडणार नाही. एका पबच्या मागच्या बोळात, भिंतीत गुडघ्याच्या उंचीवर एक घासलेला दगड होता, तिथे हातगाडीची चाकं शतकभर घासत गेली होती. एका बँकेच्या पायरीला अजून दोरखंडाचा व्रण होता. काका नुसतं काठीनं दाखवायचे आणि बाजूला सरकायचे, म्हणजे आपण जवळ जाऊन बघावं.

त्यांच्या नोकरीची सुरुवातीची वर्षं इथल्या दंगलींची, बॉम्बस्फोटांची. रस्त्यारस्त्यावर सैनिक पिशव्या तपासत. यांच्या पिशवीत गमबूट, टॉर्च आणि काकूंनी दिलेला थालीपिठांचा डबा. "सैनिक थालीपीठ उलटसुलट करून बघायचा," ते सांगत. "एकानं एकदा तुकडा तोडून खाल्ला. दुसऱ्या दिवशी मुद्दाम मलाच अडवलं." वर कॅथलिक वस्तीतून प्रॉटेस्टंट वस्तीत जायची चोरी होती. बोगद्यातून नदीबरोबर हे दोन्हीकडच्या मजुरांना घेऊन चालत जायचे. खाली कुणी कुणाला घर कुठे म्हणून विचारत नसे.

काकूंना मी पाहिलं नाही. मी यायच्या दोन वर्षं आधी त्या गेल्या होत्या. पण त्यांचं एक वाक्य जुनी मंडळी अजून सांगतात. काकू म्हणायच्या, "यांनी माझ्या पोळीबद्दल एवढ्या वर्षांत एकदाही काही लिहिलं नाही, म्हणजे चांगलीच होत असणार." लोक हसायचे. काकाही हसायचे. मी एकदा त्यांच्याकडे जेवायला गेले तेव्हा त्यांनी स्वतः पोळ्या केल्या होत्या, जाड आणि कडेला कच्च्या. पहिला घास घेऊन ते ताटाकडे बघत म्हणाले, "तिला सांगायला हवं होतं गं."

त्यानंतरच्या वसंतात आमच्या इमारतीचं काम निघालं. पाया खचत होता. तळघर काँक्रीटनं भरून टाकायचं ठरलं होतं. वर आमचं काम चालू, खाली यंत्रं. शनिवारी फिरताना मी हे सहज सांगितलं. वाटलं, काका पाया कसा खचतो त्यावर अर्धा तास बोलतील.

ते जागीच थांबले. "कुठलं तळघर? मागच्या बाजूचं?"

"पूर्ण. सोमवारी काँक्रीटच्या गाड्या येणार आहेत."

ते एका कट्ट्यावर बसले. मग त्यांनी जे सांगितलं ते असं. फार वर्षांपूर्वी त्यांना मुख्य बोगद्याच्या एका आखूड फाट्यात सरपटत जावं लागलं होतं. फाट्याच्या टोकाला विटा निखळल्या होत्या. त्या भगदाडातून त्यांनी टॉर्च आत धरला. समोर जुन्या बंदराच्या धक्क्याची भिंत होती. अख्खी. जहाज बांधायच्या लोखंडी कडीसकट. त्यांनी ती पाच मिनिटं पाहिली, मजुरांनी विटा बसवल्या, भगदाड बुजलं.

"आणि रिपोर्टमध्ये?"

"विटा निखळल्या होत्या, नऊ विटा बसवल्या. झाकणापासूनचं अंतर लिहिलं." त्यांनी काठी फूटपाथवर टेकवली. "भिंत लिहिली नाही. तिच्यात दोष नव्हता."

त्या फाट्याचं टोक आमच्या तळघराच्या मागच्या भिंतीशी येत होतं. ही भिंत साऱ्या शहरात एका माणसाला ठाऊक होती, आणि तिच्यावर दोन दिवसांत काँक्रीट पडणार होतं.

दोघं घरी गेलो. काकांनी माळ्यावरून खोके उतरवले. कितीतरी वर्षांच्या रिपोर्टांच्या प्रती, त्यांच्या बारीक सरळ अक्षरात. तडे, गाळ, झाडांची मुळं, पुन्हा तडे. त्या पानावर नऊ विटा होत्या, अंतर होतं, खाली सही. बाकी काही नाही. वारसा खात्यातल्या एका बाईंना मी फोन लावला. बिचाऱ्या सुट्टीच्या दिवशीही नीट बोलल्या. म्हणाल्या, कुठल्याही नकाशात, नोंदीत इथे धक्का शाबूत असल्याचं नाही. सांगोवांगीवर मी काम थांबवू शकत नाही. काहीतरी कागद हवा, नाहीतर भिंत डोळ्यांनी दिसायला हवी.

काका पान हातात धरून बसले होते. मी त्यांना इतकं खचलेलं कधी पाहिलं नव्हतं. "सगळं आयुष्य मी जे मोडलंय तेच लिहीत आलो," ते म्हणाले. "जे धड होतं त्याला मीच पुसून टाकलं."

रविवारी सकाळी आम्ही साइटवर गेलो. तिथला मॅनेजर शॉन, अस्सल बेलफास्टचा, लाल मानेचा आडवा माणूस. इथले लोक प्रत्येक गोष्टीला 'वी', म्हणजे 'छोटंसं', लावतात. वी चहा, वी बॅग, घराएवढा ट्रक असला तरी वी ट्रक. इतक्या वर्षांत काकांनाही ते लागलं होतं. "शॉन," ते म्हणाले, "मला तुझ्या मागच्या भिंतीत एक वी होल पाहिजे."

शॉननं आधी काकांकडे पाहिलं, मग त्यांच्या हातातल्या पानाकडे. "हे तुमचं अक्षर? तुमच्या खात्यात माझे वडील होते. म्हणायचे, एक इंडियन इंजिनिअर आहे, तो म्हणाला नऊ विटा तर नऊच." त्यानं हेल्मेटं आणून दिली. "एक भोक. वी. आणि मालकाला मी सांगेन."

काकांनी रस्त्यावरच्या झाकणापासून टेप लावली, अंतर मोजलं, तळघरात उतरून खडूनं फुली मारली. शॉननं स्वतः ड्रिल घेतलं. चार विटा निघाल्या. आत करडा गाळ होता. हात घालावा तिकडे स्लीच. भिंत नाही, काही नाही.

काका एका उपड्या बादलीवर बसले. त्यांनी पान पुन्हा वाचलं, टेप पुन्हा पाहिली. "अंतर चुकणार नाही," ते स्वतःशीच म्हणत होते. "अंतर माझं कधी चुकलं नाही." माझ्या मनात आलं ते सांगायला लाज वाटते, पण सांगते. मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाला भास झाला असेल. बोगद्यातला अंधार, तरुण वय, परका देश. दिसली असेल एखादी भिंत.

शॉननं चहा आणला. तिघं चहा पीत होतो. शेवटी काकांनी विचारलं, "शॉन, ते बाहेरचं झाकण पहिल्यापासून तिथेच आहे?"

शॉनचा कप तोंडाशीच थांबला. "हो... नाही. फूटपाथ रुंद केला तेव्हा सरकवलं. मी तेव्हा मजूर होतो, मीच खणलंय. जुनं झाकण त्या दिव्याच्या खांबापाशी होतं."

काका उठले. काठी तिथेच राहिली. इतक्या झपाट्यानं जिना चढताना मी त्यांना पाहिलं नव्हतं. साऱ्या शहराला झाकणापासून मोजणारा माणूस, झाकण हलू शकतं हे धरायलाच विसरला होता. खांबापासून नव्यानं टेप लागली. फुली सहा पावलं डावीकडे सरकली.

"एकच म्हणालो होतो," शॉन म्हणाला आणि ड्रिल उचललं.

तिसरी वीट निघाली तशी आतून गार हवा आली. खारट वास. तळघरात एकदम समुद्र आला. शॉननं आणखी विटा काढल्या, डोकं आत जाईल एवढी जागा झाली. मी टॉर्च काकांना दिला. त्यांनी तो परत माझ्या हातात ठेवला.

"तू बघ. मी पाहिलीय."

मी आत वाकले. काय सांगू? हातभर अंतरावर काळे, ओले, प्रचंड दगड एकावर एक बसवलेले होते, मध्ये सुरीचं पातं जाणार नाही इतके घट्ट. त्यांच्या अंगावर शिंपले चिकटलेले होते, पांढरे, मेलेले, पण अजून धरून. वरच्या दगडाच्या कडेला खोल चऱ्या पडल्या होत्या. दोरखंडांच्या. किती जहाजं, किती हात, किती वर्षं ओढत राहिले तेव्हा दगडाला असं वळण पडतं! आणि मधोमध ती कडी. मनगटाएवढी जाड, खालच्या बाजूला झिजलेली. दगडाच्या एका कोपऱ्यात पाथरवटानं आपली खूण कोरली होती, दोन आडव्या रेघा आणि एक बाण. खाली टॉर्च नेला तर पायथ्याशी पाणी होतं, आणि मी बघता बघता ते बोटभर वर चढलं. भरती येत होती. या अंधारात, आमच्या मीटिंगच्या आणि कॉफी मशीनच्या खाली, समुद्र रोज दोनदा येऊन या भिंतीला शिवून जात होता आणि तिला सोडून गेलेली जहाजं कधीच परत आली नव्हती.

मी बाजूला झाले. शॉननं पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि बाहेर येऊन हेल्मेट काढलं. "मी इथे जन्मलोय," तो हळूच म्हणाला. "माझे आजोबा गोदीत होते. आणि मला माहीत नव्हतं."

मग काका वाकले. आत हात घालून त्यांनी तळवा दगडावर टेकवला. भिंतीला टेकलेला त्यांचा खांदा तेवढा हलत होता.

वारसा खात्याच्या बाई तासाभरात आल्या. गाड्या रद्द झाल्या. पुढचे दोन आठवडे मोजमापं, फोटो, रेखाटनं झाली. भिंत उघडी ठेवता येत नव्हती, हवा लागली की कडी गंजून गळाली असती. म्हणून तिच्यावर कापड घालून वाळूनं झाकायचं आणि तळघर न बुजवता काँक्रीटची जमीन तिच्यापासून दूर, खांबांवर घ्यायची असं ठरलं. नोंदीचा फॉर्म भरायला बाईंनी काकांनाच सांगितलं. ते बोलत होते, मी लॅपटॉपवर टाइप करत होते. स्थान, लांबी, उंची, दगडाचा प्रकार. सगळं धडाधड सांगितलं. मग रकाना आला, 'सद्यःस्थिती'. माझी बोटं आपोआप 'दोष नाही' लिहायला निघाली होती.

"थांब," काका म्हणाले.

त्यांनी लॅपटॉप आपल्याकडे वळवून तो रकाना वाचला. "लिही. काम अतिशय सुंदर आहे." मी लिहिलं. "लिही, ज्यांनी केलं त्यांना हे त्या वेळी कुणी सांगितलं नसावं." त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्यांनी ते पुसले नाहीत. "सांगायचं राहून जातं गं. आपण धरून चालतो, त्यांना कळलंच असेल."

असलं वाक्य सरकारी नोंदीत चालतं का, मला माहीत नव्हतं. मी ते इंग्रजीत करून पाठवलं. बाईंनी एक अक्षर बदललं नाही.

वाळू टाकली त्या दिवशी काका खाली उभे होते, कडी दिसेनाशी होईपर्यंत. महिन्याभरानं त्यांची मुलगी त्यांना ब्रिस्टलला घेऊन गेली. ती तिथे विमानांच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. घर रिकामं करताना त्यांनी सगळ्या शेजाऱ्यांकडे जाऊन निरोप घेतला. पलीकडच्या आजींना म्हणाले, तुमचे गुलाब मी तीस वर्षं बघतोय, फार छान असतात. आजी मला नंतर म्हणाल्या, बरे आहेत ना ते?

ऑक्टोबरात मुलीचा फोन आला. "ताई, बाबा इज गॉन. सकाळी, झोपेत. तुला पहिलं सांगायचं, असं बाबा बोलले होते."

मी डेस्कवरून उठले आणि काय करावं ते न कळून तळघरात गेले. काम संपत आलं होतं. नवीन काँक्रीटची गुळगुळीत जमीन, ट्यूबलाइट, भिंतीला पांढरा रंग. शॉन हातात यादी घेऊन शेवटची पाहणी करत होता. त्यानं माझा चेहरा पाहिला आणि यादी खिशात घातली.

"आपला माणूस?" त्यानं विचारलं. मी मान हलवली.

तो मागच्या भिंतीपाशी गेला, दोन पावलं मोजली, गुडघ्यावर बसला. खिशातून निळा खडू काढून त्यानं जमिनीवर एक वर्तुळ काढलं, बरोब्बर त्या कडीसमोर, तेवढ्याच आकाराचं. एकदा काढून झाल्यावर त्यावरून पुन्हा हात फिरवला, रेघ जाड केली. दुसऱ्या दिवशी तिथे फरशी बसणार होती. ते त्याला माझ्याहून चांगलं ठाऊक होतं.